शेंगदाण्याच्या देशात पेंडेचा घास

एका खोक्यात दीडशे पाकिटं असतात. प्रत्येक पाकीट ९२ ग्रॅमचं. आत शेंगदाण्याचा मऊ लगदा असतो: दाण्याचं कूट, दूधपावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजांची पूड, सगळं एकजीव केलेलं. एका पाकिटात ५०० कॅलरी. पाणी घालायचं नाही, शिजवायचं नाही, कोपरा फाडायचा आणि पोरानं चोखायचं. पाण्याचा अंश जवळजवळ नसल्यानं त्यात जंतू वाढत नाहीत, उन्हाळी गोदामातही माल टिकतो. पाच किलो वजनाच्या कुपोषित मुलाला दिवसाला दोन पाकिटं पुरतात. सहा ते आठ आठवड्यांत मूल सावरतं. ढोबळ हिशेब असा की एक खोकं म्हणजे एक मूल.

हा लगदा सुदानमध्येच बनत होता. राजधानी खार्टूममधल्या एका कारखान्यातून देशाला लागणाऱ्या पाकिटांपैकी सुमारे ६० टक्के माल निघायचा. एप्रिल २०२३ मध्ये तिथं पेटलेल्या युद्धाला महिना-सव्वा महिना होतो न होतो तोच, मे २०२३ मध्ये, तो जळाला. यंत्रं गेली आणि तयार असलेली १४,५०० खोकीही गेली. वरचा हिशेब इथं लावायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

कच्च्या मालाची टंचाई हे काही कारण नव्हतं. सुदान जगातल्या मोठ्या शेंगदाणा पिकवणाऱ्या देशांपैकी एक आहे. पश्चिमेकडचा दारफुर आणि त्याच्या शेजारचा कोर्दोफान, या भागांतल्या वाळूमिश्रित जमिनीत भुईमूग, तीळ आणि बाजरी चांगली येते. ज्वारी तर तिथलीच. माणसानं ज्वारी पहिल्यांदा लागवडीखाली आणली त्याचे सगळ्यात जुने पुरावे पूर्व सुदानात मिळतात, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे. सोलापूरची भाकरी ज्या दाण्याची, त्याचं मूळ माहेर ते. तिथं ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर किसरा नावाची पातळ पोळी करतात, नाहीतर पीठ शिजवून घट्ट असीदा करतात. अशा देशात २०२४च्या ऑगस्टमध्ये अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. पाऊस दगा देऊन गेला म्हणून नव्हे.

घटनाक्रम थोडक्यात. ओमर अल-बशीरची तीस वर्षांची राजवट एप्रिल २०१९ मध्ये लोकांच्या आंदोलनानं पडली. ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्करानं सत्ता परत हिसकावली. त्या बंडात दोन सेनापती एकत्र होते: लष्कराचे अब्देल फताह अल-बुऱ्हान आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ या निमलष्करी दलाचे मोहम्मद हमदान दगालो, ज्यांना सगळे हेमेदती म्हणतात. हे दल २०१३ मध्ये उभं केलं गेलं ते दारफुरात २००३ पासून गावं जाळणाऱ्या जंजावीद टोळ्यांमधून. ते नियमित लष्करात कधी आणि कुणाच्या हाताखाली विलीन करायचं, यावर दोघांचं फाटलं आणि १५ एप्रिल २०२३ रोजी, रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, खार्टूममध्ये गोळीबार सुरू झाला. पुढचे दोन-तीन आठवडे आपल्याकडच्या वाहिन्यांवर सुदान दिसत होतं, कारण ‘ऑपरेशन कावेरी’तून पोर्ट सुदान-जेद्दा मार्गे जवळपास ३,८०० भारतीयांना परत आणलं जात होतं. ती माणसं परतली आणि सुदान पडद्यावरून गेलं. युद्ध तर तेव्हा कुठे सुरू होत होतं.

अशा युद्धाचं चित्र डोळ्यांसमोर आणताना आपण बंदूक आणतो. बंदूक आहेच. पण बहुतेक माणसं मरतात ती गोळीच्या पुढच्या साखळीत.

खार्टूममधल्या मायगोमा अनाथाश्रमाचं घ्या. लढाई सुरू झाली तेव्हा तिथं काही शे मुलं होती, त्यातली कित्येक अगदी तान्ही. इमारतीवर हल्ला झाला म्हणून ती मेली, असं नाही. रस्त्यांवर लढाई असल्यानं दाया आणि नर्सेस कामावर पोचू शकल्या नाहीत. तीन-तीन तासांनी बाटली द्यायची असलेल्या खोलीत वीसेक बाळांमागे एखादीच बाई उरली. वीज गेली, पंखे बंद पडले, बाहेर एप्रिल-मेचं ऊन. तान्ह्या बाळाला ताप आला आणि दोन-तीन वेळा दूध चुकलं, की अंगातलं पाणी आटायला दिवसही लागत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात उरलेल्या सुमारे ३०० मुलांना बाहेर काढून वाद मदनी या दुसऱ्या शहरात नेलं, तोवर किमान ७१ मुलं गेली होती. आणि डिसेंबरात वाद मदनीही हेमेदतींच्या दलाच्या हाती पडलं.

कॉलऱ्याची साखळी याहून लांब. ड्रोन वीजकेंद्रावर पडतो. जलशुद्धीकरणाचे पंप थांबतात. नळ कोरडे पडले की लोक गाढवगाड्यांवरच्या पिंपांतलं पाणी विकत घेतात, ते थेट नाईलमधून उपसलेलं. क्लोरीनच्या गोळ्या बाजारात नसतात. वस्तीतले संडास भरलेले, उपसणारं कुणी नाही. मे २०२५ मध्ये खार्टूममध्ये नेमकं हेच झालं. शहर तोवर लष्करानं परत घेतलं होतं, लोक घरी येऊ लागले होते, म्हणजे एका अर्थानं युद्ध तिथं ‘संपलं’ होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये साथ जाहीर झाल्यापासून वर्षभरात देशभर जवळपास एक लाख संशयित रुग्ण आणि २,४००हून जास्त मृत्यू नोंदले गेले. कॉलऱ्याचा रोगी वेळेत मीठ-साखरेचं पाणी आणि सलाईन मिळालं तर वाचतोच म्हणायला हरकत नाही. डॉक्टरांच्या जमातीला या आजारानं मेलेला माणूस म्हणजे अपमान वाटतो, आणि वाटायलाच हवा.

आता अल-फाशर. उत्तर दारफुरची राजधानी, दारफुरमधलं तेव्हा लष्कराच्या ताब्यात उरलेलं शेवटचं मोठं शहर. मे २०२४ पासून हेमेदतींच्या दलानं त्याला वेढा घातला. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक २७३६ करून वेढा उठवायला सांगितलं. कुणी हललं नाही.

वेढा कसा काम करतो हे नीट पाहण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी काहीच बंद होत नाही. आधी ट्रकवर नाकेपट्टी बसते. प्रत्येक नाक्यावर पैसे मोजत आलेलं पोतं बाजारात दुप्पट भावानं उतरतं. मग डिझेल अडवलं जातं, कारण ते लष्कराला मिळेल हा सांगायला सोयीचा मुद्दा असतो. डिझेल नाही म्हणजे पिठाची गिरणी नाही, विहिरीवरचा पंप नाही, रुग्णालयाचं जनरेटर नाही. ज्वारी असली तरी दळता येत नाही, म्हणून ती भिजवून, उकडून खायची. त्याला जळण जास्त लागतं. जळणासाठी बायका वस्तीबाहेर जातात आणि तिथं काय होतं ते दारफुरात २००३ पासून सगळ्यांना ठाऊक आहे. मग औषधं अडवली जातात. मग रोख पैसा संपतो. शेवटी माणसांनाच बाहेर पडू देत नाहीत, किंवा पडू देतात ते खंडणी घेऊन. २०२५च्या ऑगस्टपर्यंत शहराभोवती मातीचा उंच बांध घातला गेला होता. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून त्याची लांबी मोजली तेव्हा ती ३१ किलोमीटर भरली. बांध पुढेही वाढत राहिला. जेसीबीसारख्या यंत्रांनी रोज थोडा थोडा, एखाद्या सरकारी कामासारखा.

मदत पाठवली गेली नाही असं नाही. जून २०२५ च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचे १५ ट्रक पोर्ट सुदानहून १,८०० किलोमीटर कापून अल-फाशरच्या दिशेनं निघाले होते. अल-कोमा गावाजवळ, पुढं जायच्या परवानगीची वाट बघत थांबले असताना, त्यांच्यावर हल्ला झाला. पाच जण मेले, ट्रक जळाले. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

आत शहरात लोक पेंड खात होते. शेंगदाणा घाण्यात पिळला की तेल वेगळं होतं आणि मागे उरते ती पेंड. तिथं तिला अंबाझ म्हणतात. दुभत्या जनावराच्या आंबोणात घालतात ती वस्तू, मराठी वाचकाला तिचा वास सुद्धा सांगायला नको. ती फोडून रात्रभर भिजवायची, वर आलेली टरफलं काढायची, मग उकळून, मीठ असलं तर चिमूटभर घालून, गोळे करायचे. प्रथिनं भरपूर असतात त्यात, आकडे पाहिले तर वाईट अन्न नव्हे. पण तेल निघून गेल्यानं कॅलरी कमी, टरफलाचे बारीक कण राहतातच, आणि दमट कोठारात पडलेल्या पेंडेवर जी बुरशी चढते तिचं विष उकळून जात नाही. ते यकृतावर बसतं. मोठ्या माणसाचं पोट दुखून भागतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला जुलाब लागतात, आणि आधीच अंगात काही नसलेल्या मुलाला जुलाब म्हणजे काय ते पुढे येईलच. शहरातली सामुदायिक स्वयंपाकघरं काही आठवडे पेंडच शिजवून वाढत होती. नंतर घाण्यांवर शेंगदाणाच येईना, तेव्हा पेंडही संपली. लोक जनावरांच्या वाळक्या कातड्यांवर आले.

शेंगदाण्याच्या पट्ट्यात, शेंगदाण्याचं औषध बांधाच्या पलीकडे आणि बांधाच्या आत शेंगदाण्याचा चोथा.

अल-फाशरच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर झमझमची छावणी होती. २००३-०४च्या दारफुर युद्धातल्या विस्थापितांसाठी वसलेली, या युद्धात फुगून लाखोंची झालेली. २०२४च्या सुरुवातीला ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’नं तिथं पाहणी केली आणि दर दोन तासांना एक मूल मरत असल्याचा अंदाज दिला.

अशा छावणीत मूल तपासतात ते एका रंगीत पट्टीनं. डावा हात सैल सोडायचा, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी गुंडाळायची, आवळायची नाही, ढिली ठेवायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलासाठी १२५ मिलीमीटरच्या वर हिरवं, ११५ ते १२५ पिवळं, ११५च्या खाली लाल. मग दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबायचं. खड्डा राहिला तर सूज, आणि सूज असली की दंड जाड दिसत असला तरी मूल गंभीर. सुजलेलं मूल गुटगुटीत दिसतं, आईलाही वाटतं बरं आहे. नवखा स्वयंसेवक इथं हमखास फसतो.

तिसरी परीक्षा भुकेची. पाकीट फोडून आईच्या हातात द्यायचं आणि बघायचं. मूल चाटून खात असेल तर खोकं घेऊन घरी पाठवता येतं. तोंड फिरवलं, तर त्याला दाखल करायचं, कारण उपासमारीच्या शेवटच्या टप्प्यात भूक मरते. आणि इथून पुढचं काम साध्या समजुतीच्या अगदी उलट जातं. उपाशी मुलाला भरपूर खायला घालणं हा त्याला मारण्याचा एक मार्ग आहे. आठवडेच्या आठवडे अन्न नसल्यानं शरीरानं आपले व्यवहार आवळलेले असतात, हृदयाचे स्नायू पातळ झालेले असतात. एकदम साखर-प्रथिनं आली की रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडतं. म्हणून पहिले काही दिवस फक्त पातळ दूध, शंभर मिलीलीटरला ७५ कॅलरी. पाच किलोच्या मुलाला दर तीन तासांनी ८० मिलीलीटर. फार खंगलेलं असेल तर दर दोन तासांनी ५५. रात्रीसुद्धा. जुलाब होत असले तरी सलाईन लावण्याचा मोह आवरायचा. ती शॉकमधल्या मुलापुरती ठेवायची, कारण एरवी थकलेल्या हृदयाला तो पाण्याचा भार झेपत नाही. नेहमीच्या मीठ-साखर पाण्यातलं मीठसुद्धा जास्त होतं, त्यांच्यासाठी कमी सोडियमची वेगळी पूड असते. लोहाची गोळी सुरुवातीला नाही. अंग गार पडू द्यायचं नाही: मूल आईच्या छातीशी, वर पांघरूण. ताप दिसत नसला तरी प्रतिजैविक द्यायचंच, कारण ताप आणायलाही शरीरात ताकद लागते.

कागदावर हे सोपं आहे. चुकतं ते रात्री दोनच्या दुधाला. गोळीबारामुळे रात्रपाळीची नर्स आलेली नसते, आई स्वतः तीन दिवसांची उपाशी, तिचा डोळा लागतो. सहा तास काही पोटात न गेल्यानं रक्तातली साखर घसरते आणि सकाळी मूल गार सापडतं. चुकतं ते पाण्याला. दुधाची पूड उकळलेल्या पाण्यात कालवायची असते आणि जळण नसतं. चुकतं ते घरी. आईला चार मुलं, खोकं एकाच्या नावावर. ती पाकिटं चौघांत वाटते, आणि कोणती आई वाटणार नाही? वजन वाढत नाही म्हणून आरोग्यसेविका तिच्यावर चिडते. प्रत्येक कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात ‘पाकीट वाटून खाऊ नका’ असं चित्र असतं. बाकीच्या तिघांसाठी ज्वारीचं पोतं दिल्याशिवाय ते चित्र लावणं मला उद्धटपणाचं वाटतं.

दुष्काळ जाहीर होण्यालाही नियम आहेत. एखाद्या भागात किमान २० टक्के घरांत अन्नाची टोकाची टंचाई, किमान ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि रोज दर दहा हजारांत किमान दोन माणसं उपासमारीनं किंवा भूक-आजाराच्या जोडीनं मेलेली. १ ऑगस्ट २०२४ रोजी झमझमसाठी भुकेची आंतरराष्ट्रीय मोजणी करणाऱ्या व्यवस्थेच्या तज्ज्ञ समितीनं हे निकष पुरे झाल्याचं सांगितलं. यातला घोळ असा की निकष सिद्ध करायला पाहणी हवी, पाहणीला प्रवेश हवा, आणि प्रवेश ज्यांच्या हातात तेच दुष्काळाला जबाबदार. सुदान सरकारनं दुष्काळ असल्याचं नाकारलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये या मोजणी व्यवस्थेतून अंगच काढून घेतलं. आकडा नको असेल तर पट्टीच फेकून द्यायची. त्याआधी त्याच वर्षी फेब्रुवारी ते ऑगस्ट चाडमधून येणारा अद्रेचा रस्ता याच सरकारनं मदतीसाठी बंद ठेवला होता. वेढा घालणारे एका बाजूचे, रस्ता अडवणारे दुसऱ्या बाजूचे. उपाशी माणसाला हा फरक फारसा जाणवत नसावा.

एप्रिल २०२५ मध्ये हेमेदतींच्या दलानं झमझमवर हल्ला करून छावणी घेतली. तिथल्या शेवटच्या दवाखान्याचे कर्मचारी दवाखान्यातच मारले गेले. लाखो माणसं पायी, बरीचशी साठ किलोमीटरवरच्या ताविला गावाकडे निघाली. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी अल-फाशर पडलं. शेवटचं चालू प्रसूतिगृह असलेल्या सौदी रुग्णालयात ४६०हून जास्त रुग्ण आणि नातेवाईक मारले गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. पुढच्या आठवड्यात तज्ज्ञांनी अल-फाशर आणि दक्षिण कोर्दोफानमधलं कादुग्ली, दोन्हीकडे दुष्काळ असल्यावर शिक्कामोर्तब केलं.

या सगळ्यात मेले किती? प्रत्येक बातमीच्या शेवटी येणारा ‘हजारो’ हा शब्द निरुपयोगी आहे. खार्टूममध्ये माणसं घराच्या अंगणात, फुटपाथवर, शाळेच्या मैदानात पुरली गेली, कारण कब्रस्तानापर्यंत जाताच येत नव्हतं. नोंद करणारं कार्यालय बंद. अशा वेळी संख्याशास्त्रज्ञ एक जुनी युक्ती वापरतात. मृतांच्या नावांच्या वेगवेगळ्या याद्या गोळा करायच्या: समाजमाध्यमांवरच्या शोकसंदेशांची एक, ओळखीपाळखीतून भरून घेतलेल्या पाहणीची दुसरी. मग किती नावं दोन्हीकडे आहेत ते पाहायचं. समजा एका यादीत १,००० नावं, दुसरीत ८००, आणि सामाईक फक्त ८०. म्हणजे दुसऱ्या यादीतल्या दहातला एकच पहिलीत सापडला. तेव्हा पहिली यादी एकूण मृतांच्या दहाव्या हिश्श्याएवढीच असावी, आणि खरा आकडा दहा हजारांच्या घरात. लंडनच्या आरोग्यशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी याच तत्त्वावर नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलं की युद्धाच्या पहिल्या चौदा महिन्यांत एकट्या खार्टूम राज्यात ६१,०००हून अधिक माणसं मेली. त्यातली सुमारे २६,००० थेट हिंसेत. ९० टक्क्यांहून अधिक मृत्यू कुठंच नोंदले गेलेले नव्हते. आणि हे देशाच्या अठरा राज्यांपैकी एकाचं, राजधानीचं, जिथं फोन निदान अधूनमधून चालत होते. शेजारच्या दक्षिण सुदानात २०१३ ते २०१८च्या यादवीत सुमारे ३,८३,००० जादा मृत्यू झाल्याचा अंदाज याच संस्थेनं पूर्वी दिला होता. त्यातले जवळपास अर्धे गोळीशिवायचे.

या युद्धात सगळ्यांत जास्त माणसं जगवली कुणी, असं विचारलं तर उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याचं नाही. मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या पोरापोरींनी आणीबाणी कक्ष काढले. २०१९च्या आंदोलनात ज्यांनी मोर्चे बांधले त्यांचीच ही जाळी. मागे परंपरा नफीरची: पेरणी-कापणीला, घर शाकारायला सगळ्या गावानं हात लावायचा, आपल्याकडच्या इरजिकीसारखं. त्यांनी तकाया म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. पितळी नाहीतर ॲल्युमिनियमची मोठी पातेली, तीन दगडांची चूल, एक वेळचं जेवण: मसूर, फूल नावाचे बाकल्याचे दाणे, असीदा. रांग सकाळपासून, प्रत्येक घराचं एक भांडं.

यांची खरी कसरत पैशाची. बँका लुटल्या गेलेल्या, नोटा मिळेनात. परदेशातला सुदानी माणूस बँक ऑफ खार्टूमच्या बंकक नावाच्या ॲपवर पैसे टाकतो. ॲपला इंटरनेट लागतं आणि मनोरे बंद, म्हणून कुणाच्या तरी दुकानातल्या स्टारलिंकच्या तबकडीसमोर तासावर पैसे मोजून बसायचं. तबकडी बहुतेक वेळा सशस्त्र माणसांच्या मर्जीवर. रक्कम आली तरी ती आकडा असते. व्यापारी आकडा घेऊन नोटा देतो तेव्हा बट्टा कापतो, आणि वेढा जितका घट्ट तितका बट्टा मोठा. त्या नोटांनी त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावात मसूर घ्यायची. शंभराचे हातात किती उरले याचा हिशेब वहीत ठेवावा लागतो, कारण देणगीदाराला पावती हवी असते. आणि वही सापडली तर एक बाजू म्हणते तुम्ही दुसरीचे हेर. कितीतरी स्वयंसेवक पकडले गेले, छळले गेले, मारले गेले. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली तेव्हा काही दिवसांत शेकडो तकाया बंद पडल्या. त्याच वर्षी या कक्षांना ‘राइट लाइव्हलिहूड’ पुरस्कार मिळाला. पुरस्कार चांगलाच, पण मसूर पातेल्यात दर दिवशी लागते.

शेतीचं काय झालं तेही बघायला हवं, कारण पुढच्या वर्षीची भूक तिथं पेरली जाते. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या बेचक्यातली गेझिरा योजना १९२५ मध्ये सेन्नार धरणाबरोबर सुरू झाली. बावीस लाख फेदान, म्हणजे तितक्याच एकरांच्या थोडं वर, सगळं उताराच्या पाण्यानं भिजणारं. देशाच्या गव्हातला जवळपास अर्धा इथून यायचा. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ तिचा मोठा भाग हेमेदतींच्या दलाकडे होता. ट्रॅक्टर गेले, बियाण्याची कोठारं फुटली. पण सगळ्यांत मोठा घाव दिसत नाही: निळ्या नाईलचं पाणी प्रचंड गाळ आणतं आणि कालवे दर वर्षी पेरणीआधी उपसावे लागतात. एक वर्ष चुकलं की पोटचाऱ्यांत तण माजतं, पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही, आणि वरचे शेतकरी बांध फोडून आपलं भागवतात. वाद मदनीतली राष्ट्रीय बियाणे पेढीही लुटली गेली. स्थानिक ज्वारीच्या जातींचे जे नमुने वाचवता आले त्यातले काही फेब्रुवारी २०२५ मध्ये नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या जागतिक बियाणे कोठारात ठेवायला गेले.

शस्त्रं येतात ती बाहेरून, आणि बदल्यात बाहेर जातं ते सोनं. दारफुरच्या खाणींतून निघणाऱ्या सोन्याचा मोठा ओघ दुबईकडे आहे. संयुक्त अरब अमिराती हेमेदतींना शस्त्रं पुरवत असल्याचे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी विश्वासार्ह मानले. अमिराती ते नाकारते. लष्करालाही ड्रोन बाहेरूनच मिळतात. दागिन्याच्या दुकानात सोन्याचा शिक्का शुद्धता सांगतो, गाव सांगत नाही.

घर सोडलेल्या माणसांची संख्या सव्वा कोटीच्या आसपास पोचली होती. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतली २०११च्या जनगणनेची लोकसंख्या साधारण तेवढीच. त्यातले खूपसे आता पश्चिमेला, चाडच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे आणि ताविलाच्या माळावर आहेत, आणि तिथं सगळं गणित पावसावर येऊन थांबतं. जूनमध्ये पाऊस सुरू होतो तो सप्टेंबरपर्यंत. एरवी वाळूचे पट्टे असलेल्या नद्या दोन तासांत भरून वाहतात. ऑगस्ट २०२४ मध्ये अद्रेचा रस्ता उघडला त्याच महिन्यात पश्चिम दारफुरातला मोरनीचा पूल पुरानं कोसळला आणि मध्य व दक्षिण दारफुरकडे जाणारे ट्रक अडकून पडले. पावसाचे हेच चार महिने घरातली जुनी ज्वारी संपण्याचे, नवी यायला अवकाश असण्याचे, आणि हिवतापाचे. म्हणून खोकी दारफुरच्या गोदामात मेअखेरपर्यंत उतरलेली असावी लागतात. खार्टूमचा कारखाना नसल्यानं माल परदेशात बनतो, जहाजानं बंदराला लागतो, मग शेकडो किलोमीटर ट्रकनं, प्रत्येक नाक्यावर परवाना दाखवत. या वाटेला महिने लागतात. जुलैत मुलाच्या दंडाला पट्टी लाल दिसली की तेव्हा नोंदवलेल्या मागणीचा त्या मुलाला उपयोग नसतो. पैसे जानेवारीत लागतात.